बायपोलरमध्ये व्यायाम किती करायचा? आधी वेळ ठरवा, आणि वरची मर्यादासुद्धा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २८ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराचं निदान झालं, लिथियम आणि क्वेटियापिन ह्या गोळ्या चालू आहेत, त्यात वजन १४ किलोनी वाढलं, सकाळी ११ च्या आधी उठत नाही. डॉक्टर म्हणाले व्यायाम करू दे, म्हणून जानेवारीत वर्षाची फी भरून जिम लावली आणि चार दिवसांत बंद पडली. पण तुमचा खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत आहे. गेल्या वेळी मॅनियात, म्हणजे मूड आणि जोर प्रमाणाबाहेर वर चढण्याच्या अवस्थेत गेला त्याच्या आधी महिनाभर तो रोज दोन तास जिम करून वर पळायला जात होता, मग व्यायामानेच तर नाही ना झालं हे, आणि आता परत त्याच्या मागे लागायचं की नाही?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पुण्यात, १७ वर्षं मानसिक आजारांच्या पेशंट्सबरोबरच काम करतेय. गोळ्या कमीजास्त करणं माझं काम नाही, ते तुमच्या सायकियाट्रिस्टचं. माझं काम म्हणजे माणसाचा दिवस परत उभा करायचा, उठणं, आंघोळ, चालणं, काम, झोप, सगळं. तेव्हा जे सांगते ते त्या अंगाने सांगते. खाली पेशंट्सचे जे किस्से आहेत त्यात ओळख पटेल असं सगळं बदललंय.

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते कारण तुम्ही त्याच काळजीत असणार. गेल्या वेळी व्यायामामुळे मॅनिया आला असं म्हणण्यापेक्षा मॅनिया यायला लागला होता म्हणून व्यायाम वाढला, ही शक्यता बरीच जास्त आहे. अंगात जोर येतो, झोप कमी लागते, थकवा म्हणून जाणवत नाही, मग माणूस तो जोर कुठेतरी काढतो, कोणी दुकानात काढतं, कोणी फोनवर, कोणी जिममध्ये. पण दुसरी बाजूही खरी आहे, एकदा वर जायला सुरुवात झाली की रात्री दहाला जड वर्कआउट, मग घरी येऊन दोन वाजेपर्यंत जागं, परत पहाटे पाचला पळायला, ह्याने आगीत तेल पडतं. म्हणजे व्यायाम हे लक्षणही असू शकतं आणि धक्का देणाराही असू शकतो आणि आधारही असू शकतो. कुठला होणार हे माझ्या अनुभवात घामावर कमी आणि घड्याळावर जास्त अवलंबून असतं.

हे मी चुकून शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा यायचा, इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, सहा महिने डिप्रेशनमध्ये अंथरुणाला खिळलेला. मी त्याला चालायला लावलं, तो चालायला लागला, मग पळायला लागला, आणि एक दिवस येऊन म्हणाला मॅडम आज दहा किलोमीटर झाले. मी इतकी खूश झाले की टाळ्या वाजवल्या, वॉर्डमधल्या सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आईने जाताना दारात हळूच सांगितलं की हल्ली तो तीनलाच उठून बसतो हो, आणि मी म्हटलं अहो बरा होतोय, उत्साह आलाय. बाराव्या दिवशी त्याला ॲडमिट करावं लागलं. त्या माऊलीने मला सगळं सांगितलं होतं आणि मी किलोमीटर मोजत बसले होते. तेव्हापासून माझ्याकडे कोणीही येऊन सांगितलं की आज एवढं चाललो तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, काल रात्री झोप किती झाली?

म्हणून मी प्रत्येकाला साधी वही घालायला सांगते, ॲप नको, वही. तीनच रकाने. झोपेचे तास, व्यायामाची मिनिटं, आणि मूड उणे तीन ते अधिक तीन, मधे शून्य. रोज रात्री एक मिनिट लागतं. मी त्यात काय बघते माहितीये का, झोप आणि मिनिटं एकमेकांपासून लांब जातायत का ते. झोप सात, साडेसहा, साडेपाच अशी उतरतेय आणि मिनिटं तीस, पन्नास, नव्वद अशी चढतायत, ह्याला आमच्याकडे कात्री उघडली म्हणतात. कात्री उघडली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तुमच्या भावाची गेल्या वेळची गोष्ट अगदी हीच आहे, फक्त कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

आता व्यायामाचा उपयोग किती, ते खरं खरं सांगते. साध्या डिप्रेशनमध्ये व्यायामाचा फायदा होतो ह्याला भरपूर अभ्यास आहेत, २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात चालणं-जॉगिंग, योग, वजनं उचलणं ह्या सगळ्यांचा चांगला परिणाम दिसला. बायपोलरवरचे अभ्यास त्या मानाने थोडे आणि छोटे आहेत. त्यामुळे व्यायामाने बायपोलर बरा होतो, गोळ्या सुटतात, असं जर कोणी सांगत असेल, मग ते काका असोत की यूट्यूबवरचे गुरुजी, तर कृपा करून ऐकू नका. लिथियमचा मॅनियावरचा उपयोग १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला आणि आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे, ते अचानक बंद केल्याने एपिसोड, म्हणजे आजाराचा झटका, परत आल्याचे पेशंट मी मोजता येणार नाहीत इतके बघितलेत. चालणं गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

मग एवढी कटकट करायचीच कशाला? एक तर शरीर. बायपोलर असलेल्या लोकांचं सरासरी आयुष्य बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांच्या आसपास कमी भरतं आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा असतो. क्वेटियापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट ह्या औषधांनी भूक वाढते, वजन वाढतं, शुगर आणि कोलेस्टेरॉल वर जाऊ शकतं. तुमच्या भावाचे १४ किलो म्हणजे त्याचा आळशीपणा नव्हे, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. रात्री अकराला फ्रिज उघडून उभा राहणारा मुलगा हावरट नसतो, ती गोळीची भूक असते. दुसरं कारण म्हणजे झोपेचं घड्याळ, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरसाठी एक थेरपी तयार केली, सोशल ऱ्हिदम थेरपी म्हणतात तिला. त्यांचं म्हणणं साधं आहे, ह्या आजारात शरीराचं घड्याळ नाजूक असतं, दिवसाचा ठेका बिघडला की आधी झोप बिघडते आणि मग मूड. म्हणून ते दिवसातल्या पाच वेळा धरायला सांगतात. अंथरुणातून उठणं, दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा बोलणं, काम किंवा कॉलेज सुरू करणं, रात्रीचं जेवण, आणि झोपायला जाणं. ह्या पाच वेळा रोज जवळपास त्याच ठेवायच्या, रविवारीसुद्धा. मी व्यायाम ह्यातल्या एकाला बांधते. स्वतंत्र व्यायामाची वेळ काढायला गेलं की ती चार दिवसांत मोडते, जशी तुमच्याकडे जिम मोडली, पण उठलं की चूळ भरून खाली जायचं हे एकदा बसलं की बसलं.

म्हणजे माझ्यासाठी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दहा मिनिटं चालणारा माणूस हा कधी पहाटे पाचला तर कधी रात्री नऊला तासभर पळणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित जागी आहे. मिनिटं नंतर वाढवता येतात हो, ठेका बसवणं अवघड.

तुमच्या भावाचं काय करायचं ते सांगते. तो ११ ला उठतोय तर उद्यापासून सहाला उठवू नका, ते होणार नाही आणि घरात फक्त भांडण होईल. आधी डॉक्टरांना विचारा की क्वेटियापिन किती वाजता घ्यायची. बरेच जण ती झोपताना म्हणजे बारा-साडेबाराला घेतात आणि तिची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते, डॉक्टर हो म्हणाले तर ती नऊ-साडेनऊला घेतल्यावर सकाळ आपोआप थोडी अलीकडे येते. मग दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे उठायचं. आणि उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उजेडात जायचं, गॅलरी असली तरी चालेल, सोसायटीचं गेट असेल तर आणखी चांगलं.

पहिले दोन आठवडे फक्त गेटपर्यंत जाऊन यायचं. तुम्हाला वाटेल ही काय थट्टा आहे, पण नाही. माझ्याकडे एक बाई होत्या, चाळिशीच्या, शाळेत शिकवायच्या, डिप्रेशनच्या फेजमध्ये तीन महिने घराबाहेर नाही. त्यांच्याबरोबर ठरलेला व्यायाम होता दुधाची पिशवी. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचं, गेटवर टांगलेल्या पिशवीतून दूध काढायचं आणि वर जायचं. बावीस पायऱ्या खाली, बावीस वर. पहिल्या दिवशी त्या गाऊनवर ओढणी घेऊन आल्या आणि वॉचमनने नमस्कार केल्यावर रडल्या. नवव्या दिवशी दूध घेतल्यावर त्या वर न जाता गेटबाहेरच्या चाफ्यापर्यंत गेल्या, कोणी सांगितलं नव्हतं. तिथून पुढे त्या रोज पंचवीस मिनिटं चालायला लागल्या, पण त्याला चार महिने लागले, आणि मधे दोनदा परत दुधाच्या पिशवीवर यावं लागलं. मागे यावं लागलं म्हणजे फेल नव्हे हे त्यांना पटवायला मला चालण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

म्हणून मी प्रत्येक पेशंटबरोबर दोन आकडे ठरवते, तो ठीक असताना, त्याच्याशी बोलून, कागदावर. एक खालचा आकडा, कितीही वाईट दिवस असला तरी एवढं करायचं, तो इतका छोटा हवा की लाज वाटावी, पाच मिनिटं, गेट. आणि दुसरा वरचा आकडा, कितीही भारी वाटत असलं तरी ह्याच्या वर जायचं नाही, समजा ४५ मिनिटं आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सगळे डॉक्टर, ट्रेनर, घरचे खालच्या आकड्याबद्दल बोलतात, वरच्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि बायपोलरमध्ये वरचा आकडाच जीव वाचवतो. भाऊ ठीक असताना त्याच्याच तोंडून तो ठरला पाहिजे, कारण वर जाताना तो तुमचं ऐकणार नाही, पण स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तर कधीकधी ऐकतो. नेहमी नाही, कधीकधी.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. चांगलं आहे, सहा महिन्यांनी तिथे पोचलात तर उत्तमच. पण हा आकडा आत्ता फ्रिजवर चिकटवू नका, शून्यावर असलेल्या माणसाला तो रोज नापासाची मार्कशीट वाटतो. मध्यम म्हणजे किती ह्याची खूण सोपी आहे, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत पण गाणं म्हणता येऊ नये.

कुठला व्यायाम हे मला दुय्यम वाटतं, त्याला जे आवडतं ते. चालणं सगळ्यात सोपं. सायकल, बॅडमिंटन, हलकी वजनं, काहीही. सूर्यनमस्कारांबद्दल एक सांगते, क्वेटियापिनने बीपी उभं राहताना एकदम खाली येऊ शकतं, आणि सूर्यनमस्कारात डोकं खाली-वर, खाली-वर होतं, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या चक्कर येऊन पडलेले पेशंट मी पाहिलेत. आधी पाणी पिऊन दहा मिनिटं बसू दे, मग चार घालू दे सावकाश. आणि रथसप्तमीचे १०८ वगैरे त्याच्यासाठी नकोत, तिथे वरचा आकडा आडवा आलाच पाहिजे. कपालभाती, भस्त्रिकासारखं जोरात श्वासाचं काही वर जायच्या काळात मी करू देत नाही, संथ श्वास चालतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेबद्दलही खूप जण विचारतात, तर त्यांच्या स्वतःच्या नियमावलीतच गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं सुचवलेलं आहे, फॉर्मवर आजार लपवून जाऊ नका.

आता लिथियम. ह्या भागावर जरा थांबून वाचा, कारण इथे खरंच धोका होऊ शकतो. आपली किडनी लिथियमला मिठासारखंच, म्हणजे सोडियमसारखं वागवते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवायला बघते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, मग रक्तातली लेव्हल चढते. रोजच्या उपचारात लेव्हल साधारण ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, काहींना एक पर्यंत, आणि दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती, म्हणजे मधलं अंतर फार थोडं आहे. म्हणून चालायच्या आधी आणि नंतर पाणी, मे महिन्याच्या उन्हात दुपारी बाहेर नाही, आणि जेवणातलं मीठ रोज साधारण तेवढंच. वजन कमी करायचं म्हणून अचानक अळणी खाणं सुरू करायचं नाही. निर्जळा एकादशी किंवा कडक उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. जुलाब-उलट्या होत असतील त्या दिवशी व्यायाम नाहीच आणि गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करायचा. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, झोकांड्या जाणं, बोलणं जड होणं, उलट्या, हे दिसलं तर तो व्यायामाचा थकवा समजू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. जिमचा दुसरा दिवस, मांड्या भरून आल्यात, मित्र म्हणतो घे एक कॉम्बिफ्लाम. त्यात आयबुप्रोफेन असतं. व्होव्हेरानमध्ये डायक्लोफेनॅक. ह्या दोन्हींनी लिथियमची लेव्हल वाढते. साधं पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. मेडिकलवाल्याला मागताना दरवेळी सांगायचं की लिथियम चालू आहे. हे वाक्य भावाच्या फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा, मी सगळ्यांना ठेवायला लावते.

जिममधल्या पावडरींचं पण बोलते. प्री-वर्कआउटमध्ये भरपूर कॅफिन असतं, त्याने झोप उडते, शिवाय कॅफिन एकदम वाढलं किंवा एकदम बंद केलं तर लिथियमची लेव्हलसुद्धा हलते. क्रिएटिन मी टाळायला सांगते, २००७ मधल्या एका छोट्या अभ्यासात बायपोलरचे दोन पेशंट क्रिएटिनवर असताना मॅनियाच्या बाजूला गेले होते, आणि त्याने रक्तातलं क्रिएटिनिन वाढून दिसतं, मग किडनीच्या रिपोर्टचा गोंधळ होतो. बॉडी बनवायची इंजेक्शनं म्हणजे स्टेरॉइड तर अजिबात नाहीत, त्याने मॅनिया होऊ शकतो. ट्रेनरला आजाराचं नाव सांगायचं की नाही हा भावाचा निर्णय आहे, पण कुठलीही पावडर नाही एवढं तरी सांगता येतं.

हात थरथरतात म्हणून काहींना प्रोप्रानोलॉल नावाचं औषध दिलेलं असतं, त्याने पल्स फारशी वाढत नाही, मग मनगटावरचं घड्याळ सांगत राहतं की अजून जोरात, अजून जोरात. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तसंही त्या घड्याळातल्या रिंगा पूर्ण करायचं, रोजची साखळी तुटू द्यायची नाही, हे बायपोलरवाल्याला मी देत नाही, खाली असताना ते टोचतं आणि वर असताना चढवतं. आणि कोणाला नुकतंच लॅमोट्रिजिन हे बायपोलरचं औषध सुरू झालं असेल आणि अंगावर पुरळ आलं तर ती घामोळी असेल म्हणून पावडर लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वर जायची लक्षणं व्यायामात कशी दिसतात ते तुम्हाला ओळखता यायला हवं. नुसता उत्साह नव्हे, आनंदात असलेला भाऊ म्हणजे मॅनिया नव्हे, हेही लक्षात ठेवा, नाहीतर तो हसला की घर दचकतं आणि त्याला ते कळतं. पण दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी फ्रेश, व्यायाम दिवसातून दोनदा, एकदम साठ हजारांची सायकल बुक, मॅरेथॉनला नाव, रात्री तीनला ट्रेकच्या ग्रुपवर वीस मेसेज, अडवलं की चिडणं, ह्यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की फोन. त्या दिवसांत हालचाल पूर्ण बंद करायला जाऊ नका, तो घरात येरझाऱ्या घालेल. कमी करायची, थंड करायची. ओळखीचा रस्ता, संथ चालणं, कानात गाणी नाहीत, स्पर्धा नाही, सोबत एक शांत माणूस, आणि संध्याकाळी सातनंतर काही नाही. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, नुसतं म्हणायचं चल मी पण येतेय.

आपल्याकडचं वर्षाचं कॅलेंडर पण समोर ठेवा. पुण्या-पिंपरीत गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. मी त्याच्या विरोधात नाही, उलट एका मुलाला पथकाने जे दिलं ते माझ्या सेशन्सनी दिलं नाही, ठरलेली वेळ, ठरलेली माणसं, खांद्याला ढोल, आणि कोणीही त्याला आजाराबद्दल विचारत नव्हतं. पण विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते आणि ठेका मोडायला ती एक रात्र पुरते. त्याच्याबरोबर आम्ही ठरवलं की सरावाला रोज जायचं, मिरवणुकीत वाजवायचं, पण रात्री नऊला ढोल दुसऱ्याच्या कमरेला. पथकप्रमुखाला फक्त एवढंच सांगितलं होतं की त्याला औषध वेळेवर घ्यावं लागतं. चार वर्षं त्याने हे पाळलं. नवरात्रातला गरबा, कळसूबाईचा नाईट ट्रेक, काजवे बघायला राजमाची, सगळ्याला हाच नियम, पायाला हरकत नाही पण रात्र जाऊ द्यायची नाही. सिंहगड दिवसा चढा ना. वारीला जायचं असतं अनेकांना, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे, ऊन, पाऊस, अंगदुखी, मिळेल तिथे झोप, लिथियमवाल्याने पूर्ण वारी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये, पण एक टप्पा चालून संध्याकाळी घरी येणारे माझे दोन पेशंट आहेत आणि ते वर्षभर त्या एका दिवसाबद्दल बोलतात.

खाली असतानाची एक गोष्ट जबाबदारीने सांगते. डिप्रेशनमधून बाहेर येताना बऱ्याचदा अंगात बळ आधी येतं आणि मनातला अंधार नंतर जातो. म्हणजे तो चालायला लागला म्हणून आता सगळं ठीक असं समजून लक्ष काढून घेऊ नका, पहिले काही आठवडे उलट जास्त लक्ष द्या. जगण्यात अर्थ नाही, मी गेलो तर बरं, असं काहीही बोलला तर सरळ विचारा, मरायचे विचार येतायत का, विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेलिमानस १४४१६, सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वजनाबद्दल पहिले तीन महिने घरात बोलूच नका. पोटाचा घेर टेपने महिन्यातून एकदा मोजा, पुरुषांमध्ये आपल्याकडे ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, आणि शुगर, लिपिड, थायरॉइड, किडनी ह्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा वेळेवर करा. लिथियमने थायरॉइड मंद होऊ शकतो आणि मग माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, आपण म्हणत बसतो आळशी झालाय. जर गेल्या सहा महिन्यांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली नसेल तर ह्या आठवड्यात करून घ्या, व्यायामाच्याही आधी.

आणि टोमणे. तुम्ही लिहिलंय की बाबा म्हणतात फी फुकट गेली. घरातली सततची टीका आणि एपिसोड परत येणं ह्यांचा संबंध १९८०च्या दशकापासून अभ्यासात दिसत आलाय. बाबांचं वाईट वाटणं मी समजू शकते, पैसे कष्टाचे आहेत. पण जिमची पावती एकदा कपाटात ठेवून द्या. त्या जिमची वेळ सकाळी सहाची होती ना? गोळीच्या गुंगीत सहाला वजनं उचलायला गेलेला मुलगा चार दिवस टिकला, हेच खूप झालं.

तुम्ही विचारलंय मी त्याच्याबरोबर जाऊ का. जा. जमेल तेवढे दिवस जा. पण त्या दहा मिनिटांत गोळी, नोकरी, लग्न, वजन, ह्यातलं काही काढायचं नाही. माझ्याकडे दोघे भाऊ येतात, धाकट्याला बायपोलर आहे, मोठा रिक्षा चालवतो. सकाळी साडेनऊला मोठा रिक्षा लावतो, दोघं कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत जातात, अर्धा अर्धा चहा घेतात, परत येतात. धाकटा खाली असला की मोठा निम्म्या वाटेवर चहा घेऊन येतो आणि तिथेच फुटपाथवर दोघं बसतात. मी मोठ्याला विचारलं तुम्ही बोलता काय रोज, तर म्हणाला काही नाही मॅडम, मॅच असली तर मॅचवर बोलतो, नसली तर तो रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं ते ठरवतो आणि मी त्याच्या मागे जातो.